सुट्टीवर आलेले भावोजी

जगातली सगळ्यात लांब सुट्टी कोणी घेतली असेल, तर ती आमच्या समोरच्या दारातल्या भावोजींनी. ठाकुर्लीतल्या आमच्या इमारतीत पाण्याच्या वेळेपासून गणपतीच्या वर्गणीपर्यंत एकाही गोष्टीवर चार मजल्यांचं एकमत होत नाही, पण यावर आहे. मी शाळेत जन्म काढलाय. सुट्टी म्हणजे काय ते मला शिकवायला नको. पण दिवाळीची, मे महिन्याची, आजारपणाची, सगळ्या सुट्ट्या एकापुढे एक मांडल्या तरी भावोजींच्या सुट्टीच्या पासंगालाही पुरायच्या नाहीत. ती कधी सुरू झाली ते सगळ्यांना आठवतं. कधी संपणार, हे विचारायची मात्र पुढे पुढे कोणाची छाती होईना.

भावोजी माझे ना नात्यातले, ना गोत्यातले. त्यांची बायको, जिला सगळी इमारत ताई म्हणते, तिची आणि माझी गट्टी इतकी जुनी, की तिचा नवरा आपोआप माझा भावोजी झाला. ताई महापालिकेच्या दवाखान्यात सिस्टर होती. तिचा हात इंजेक्शन देताना जितका हलका, तितकी जीभ जड, आणि ती जीभ डॉक्टरांपासून कचरेवाल्यापर्यंत कोणालाही सोडायची नाही. भावोजी वाढले मोहन्याच्या कंपनीच्या चाळीत. वडिलांसारखं तिथेच कामाला लागायचं सोडून ते मिसरूड फुटत्या वयात आखातात गेले आणि समुद्राचं पाणी गोड करायच्या कारखान्यात फिटरचे फोरमन झाले. "बाई, अख्ख्या शहराला मी समुद्र पाजलाय," असं ते मला सांगायचे, आणि सांगताना त्यांची मान अशी काही ताठ व्हायची, की आपल्या हातातला चहासुद्धा त्यांनीच गोड केलाय असं वाटावं.

दर दोन वर्षांनी ते महिना-दीड महिन्याच्या सुट्टीवर यायचे, आणि तो आमच्या मजल्यावरचा सण असायचा. टॅक्सी खाली थांबली की पोरं जिन्यावरून ओरडत सुटायची. दोरीनं आवळलेली खोकी, ब्लँकेटं आणि ती मोठी निळी बॅग वर यायची. बॅग उघडली की साबण, अत्तर, खजूर आणि नवंकोरं प्लास्टिक यांचा मिळून एक वास मजलाभर पसरायचा. मला दर वेळी बाम मिळायचा. "शाळेत डोकं दुखतच असणार तुमचं," म्हणायचे. इतका बाम साठला, की मी निवृत्त झाल्यावर डोकं दुखायचं थांबलं तरी बाम संपला नाही. घरात बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लागायची, वंदना व्हायची, मग जेवणं. भेटायला येणारा प्रत्येक जण पाण्याचा पेला खाली ठेवता ठेवता विचारायचा, "मग, परत कधी जाणार?" बाहेरदेशातून आलेल्या माणसाला हे विचारायची आपल्याकडे रीतच आहे. माणूस नीट टेकलेला नसतो आणि आपण त्याच्या जाण्याची तारीख विचारतो. त्यात कोणाच्या मनात काही वाईट नसतं. भावोजीही ती तारीख लग्नाचा मुहूर्त सांगावा तशा थाटात सांगायचे.

शेवटच्या वेळी आले तेव्हाही सगळं तसंच झालं. बॅग, वास, बाम, वंदना. मग कोणीतरी विचारलं, "परत कधी?" भावोजी म्हणाले, "बघू. कंपनीचा फोन यायचाय."

तो फोन येणार नव्हता, हे हळूहळू सगळ्यांना कळलं. तिकडच्या सरकारनं नियम काढला होता, की फोरमनच्या जागा यापुढे त्यांच्याच माणसांना द्यायच्या. भावोजींच्या हाताखाली तिथलाच एक तरुण दिला आणि त्याला सगळं शिकवा म्हणून सांगितलं. भावोजींनी शिकवलं. मनापासून शिकवलं, कारण अर्धवट काम त्यांना जमतच नाही. पोरगा तयार झाला आणि कंपनीनं भावोजींना एक भिंतीवरचं घड्याळ देऊन, "गरज पडली तर बोलावू," असं म्हणून विमानात बसवलं. हे 'गरज पडली तर' भावोजींनी घट्ट धरून ठेवलं. आपल्याला काढलं असं ते कधी म्हणाले नाहीत. आपण सुट्टीवर आहोत, असंच ते म्हणत राहिले, आणि त्याप्रमाणे वागतही राहिले.

सुट्टीवरचा माणूस किलोनं साखर आणत नाही, म्हणून भावोजी पावशेर आणायचे. ताई म्हणायची महिन्याचं सामान भरून टाकू, तर हे म्हणणार, "मी असा किती दिवस?" पेपर लावू दिला नाही, सुटा आणायचे. सोसायटीच्या कमिटीवर यायचा आग्रह झाला, तर हात जोडून म्हणाले, "मी काय, सुट्टीवर." तिकडे सुट्टी शुक्रवारची, म्हणून शुक्रवारी ते दुपारी ताणून द्यायचे, आणि रविवारी, अख्खी ठाकुर्ली लोळत असताना, पहाटे उठून बुटांना पॉलिश करायचे. बूट घालून कुठे जायचे? तर तलावापर्यंत फिरून यायचे. दाराच्या फटीला ओला टॉवेल लावायची सवयही त्यांनी तिकडून आणली होती. तिकडे वाळूची वादळं येतात. आमच्याकडे मागच्या बाजूला टॉवरचं काम चालू होतं, त्यामुळे टॉवेलवर रोज धूळ सापडायची, आणि भावोजी ती बोटावर घेऊन मला दाखवायचे, "बघा बाई, मी नव्हतो म्हणत?"

पाण्याचं तर विचारू नका. कोणाच्याही घरी गेले, की आधी पाणी मागायचे आणि पहिला घोट तोंडात घोळवून निकाल द्यायचे. माझ्या भाचीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा भावोजी सहज डोकावले. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, डोळे मिटले, आणि सगळे मुलाच्या पगाराचा विषय काढायच्या बेतात असताना जाहीर केलं, "टाकी धुतलेली नाही." पाहुण्यांनी हातातले पेले हळूच खाली ठेवले. लग्न मात्र जमलं, आणि टाकीही दुसऱ्या दिवशी धुतली गेली. कोणी वाद घालायला लागलं, की भावोजी हवेत हात उडवून "खल्ली-वल्ली!" म्हणायचे. तिकडे कामाला गेलेल्या सगळ्यांच्या तोंडात हा शब्द बसलेला असतो. जाऊ दे, मरू दे, सोडून दे, असा सगळाच अर्थ त्यात येतो. आमच्या मजल्यावरची पोरं परीक्षेच्या निकालालाही खल्ली-वल्ली म्हणायला लागली, आणि ते पाप भावोजींच्या माथी आहे.

त्यांच्या सुट्टीत मला पहिल्यांदा कळ आली ती खजुरामुळे. सुट्टीवर आलेल्या माणसानं नातेवाइकांकडे हात हलवत जायचं नसतं. आणलेला खजूर आणि साबण संपल्यावरही भावोजी मोहन्याला चुलत्यांकडे, आणखी कोणाकोणाकडे जात राहिले आणि प्रत्येक वेळी 'तिकडचं' काहीतरी देत राहिले. एकदा माझ्याही हातात खजुराचा डबा ठेवला. "तिकडचा आहे बाई. खास." घरी आल्यावर मी डबा उलटा केला, तर खाली कल्याणच्या बाजारातल्या दुकानाची चिकटपट्टी. मी ती नखानं खरवडून काढली. दुसऱ्या दिवशी त्यांना म्हटलं, "भावोजी, काय चव आहे हो! असा इथे मिळतच नाही." ते लहान मुलासारखे खूश झाले. मग माझ्या लक्षात आलं, की मोहन्याच्या चुलत्यांनीही असंच म्हटलं असणार.

मोहन्यात काय, शहाडला काय, आमच्या या पट्ट्यात अशी घरं कमी नाहीत. एके काळी गल्लीतल्या निम्म्या घरांत कर्ता पुरुष भिंतीवरच्या फोटोतच असायचा. त्याच्या पैशावर स्लॅब पडली, बहिणींची लग्नं झाली, पोरं इंग्रजी शाळेत गेली. आता ते फोटोतले पुरुष एकेक करून परत आलेत आणि नाक्यावर कॅरम खेळतायत. घरच्यांना त्यांची सवय नाही आणि त्यांना घराची नाही. मला तिकडच्या सरकारचाही राग धरता येत नाही. त्यांची पोरं बेकार बसलेली असताना नोकऱ्या दुसऱ्यांना का द्याव्यात? आपल्याकडे निवडणुकीत दारात येणारी पत्रकं तरी दुसरं काय सांगतात? नियम वाचताना शहाणाच वाटतो. तो ज्याच्या घरात येऊन बसतो, त्या घरात मात्र त्याचं काय करायचं ते कोणाला सुचत नाही.

आमच्या सोसायटीतही तसा एक नियम येऊ घातला होता. जिन्याखाली एक इस्त्रीवाला आहे, मूळचा जौनपूरकडचा. माझे केस काळे होते तेव्हापासून तो तिथे कोळशाची इस्त्री फिरवतोय. नव्या सेक्रेटरींनी मीटिंगमध्ये विषय काढला, की ती जागा आता 'आपल्या' माणसाला द्यावी. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींचा मुलगा बरेच दिवस घरी बसून होता. तो करेल हे काम, मावशींनाही आधार होईल. म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. मावशींची ओढाताण मला दिसत होती. माना हलायला लागल्या. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून भावोजी उठले. मीटिंगमध्ये ते कधी बोलत नसत, सुट्टीवरच्या माणसाला मत नसतं म्हणून.

"पोराला इस्त्री येते?" त्यांनी विचारलं.

"शिकेल की," सेक्रेटरी म्हणाले. "हाच शिकवेल महिनाभर. त्याला सांगू आपण."

"शिकवेल ना. शिकवेलच," भावोजी म्हणाले. "फक्त एक करा साहेब. तो शिकवत असेल ना, तेव्हा तुमच्यापैकी एकानं रोज तिथे उभं राहा. त्याच्या तोंडाकडे बघत. जमेल? जमत असेल तर लावा ठराव."

आणि खाली बसले.  मावशींनीच पदर सावरत म्हटलं, "राहू दे हो. माझा पोरगा कुठे उन्हातान्हात कोळसे फुंकणारे." विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला, आणि आमच्या सोसायटीत पुढच्या मीटिंगवर ढकललेला विषय पुन्हा वर आल्याचं उदाहरण नाही. सेक्रेटरींची मुलगी कॅनडात शिकायला आहे, आणि तिला तिथे पुढे राहू देतील की नाही या काळजीनं त्यांच्या बायकोला रात्र-रात्र झोप नसते, हे मी इथे लिहिणार नव्हते. लिहिलं खरं.

पण भावोजींच्या सुट्टीचा खरा भार पडला तो ताईवर. नवरा दोन वर्षांनी महिनाभर येतो म्हटल्यावर बायको त्याला कसं ठेवेल? पाहुण्यासारखं. त्यांच्यासाठी स्टीलची नवी ताटली वेगळी काढलेली असायची. दोन भाज्या, गरम पोळी थेट तव्यावरून, ताई उभी राहून वाढणार. घडीचा टॉवेल. चढा आवाज नाही, तक्रार नाही, नळ गळतोय हेसुद्धा त्यांना सांगायचं नाही. महिनाभर हे कोणीही करेल. पण ही सुट्टी संपेचना, आणि ताईला तर दुसरी रीतच माहीत नव्हती. सगळं आयुष्य तिनं एकटीनं रेटलं होतं. मुलीचं शिक्षण, लग्न, सासूचं आजारपण, या घराचे हप्ते. त्या सगळ्यात नवऱ्याची जागा होती पत्रात, मग फोनवर आणि दोन वर्षांतून एकदा त्या नव्या ताटलीत. एकदा माझ्या ओट्याला टेकून म्हणाली, "अगं, दमले मी. सण असला की बरं वाटतं, पण रोज सण कोण करेल? ह्यांना ओरडताही येत नाही मला. तोंडच उघडत नाही."

"ओरड की! डॉक्टरांना ओरडायचीस तू."

"डॉक्टर रोजचे गं," ती म्हणाली.

यातली गंमत अशी, की भावोजींना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. उलट ते चारचौघांत ताईचं कौतुक करायचे, "हिचा अंदाज बघा. माझ्या घरात शिळं म्हणून कधी उरत नाही. रात्री पातेलं स्वच्छ." मी खाली बघायचे. कारण रात्रीचा भात त्यांच्या घरात जवळजवळ रोज उरायचा, आणि सकाळी भावोजी बूट घालून तलावाकडे गेले, की ताई त्याला मोहरी, हिरवी मिरची, कढीपत्ता आणि भरपूर शेंगदाणे घालून फोडणी द्यायची आणि मला हाक मारायची. पूर्वी तिची मुलगी आणि ती असा खायच्या, मुलगी सासरी गेल्यावर तिची जागा मी घेतली. भावोजी सुट्टीवर असले की हे चोरून चालायचं. पाहुण्याच्या नजरेला शिळं पडू नये, एवढाच हेतू.

एका सकाळी भावोजी चष्मा विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले. आम्ही दोघी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून एकाच कढईतून खात होतो आणि कशावरून तरी खिदळत होतो. ते दारात कधी उभे राहिले ते कळलंच नाही. ताईनं दचकून कढईवर ताट झाकलं. पण वास कुठे झाकणार?

"फोडणीचा भात?" भावोजी म्हणाले. "माझी आई करायची. बाबा पाळीवरनं आले की." मग थोडं थांबून, "रोज करतेस?"

ताईनं कढईवरचं ताट आणखी घट्ट दाबलं.

"मग मला कसा नाही कधी?"

"अहो, कालचा आहे तो," ताई घाबरून बोलून गेली. "पाहुण्याला शिळं घालू का मी?"

शब्द तोंडातून गेला आणि तिनं जीभ चावली. मी कढईकडे बघत राहिले.  भावोजींनी चष्मा घेतला, फटीचा टॉवेल पायानं नीट केला आणि ते फिरायला गेले. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा बऱ्याच उशिरा आले. दुपारी ताईनं त्यांच्यासाठी दोन भाज्यांच्या तीन केल्या. तिला बिचारीला माफी मागायची तेवढीच पद्धत येत होती.

त्यानंतर भावोजींनी कंपनीच्या फोनची वाट बघणं सोडलं आणि स्वतःच शोधाशोध सुरू केली. पलंगाच्या पायथ्याशी ती निळी बॅग होतीच, विमानाची पट्टी अजून कानाला लटकलेली. ताईला ती माळ्यावर टाकायची होती, येता-जाता तिच्या पायात यायची. पण भावोजी म्हणायचे, "राहू दे, लागेल." मग एक दिवस माजिवड्याच्या एका एजन्सीतून बोलावणं आलं. आखातातल्याच दुसऱ्या कुठल्या देशात जागा होत्या. माझा भाऊ माजिवड्याला राहतो आणि मला त्याच्याकडे जायचंच होतं, म्हणून आम्ही बरोबर निघालो. भावोजींनी रविवारचे बूट घातले होते, आणि शर्ट असा कडक होता, की खाली इस्त्रीवाल्यानं त्यावर किती जीव ओतला असेल ते दिसत होतं. निघताना ताई दारात उभी होती. हाताची घडी घातलेली. चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट वाचता आलं नाही.

हायवेलगतच्या इमारतीत वरच्या मजल्यावर ते ऑफिस होतं. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर छातीशी फायली धरून तरणीताठी माणसं बसलेली. काउंटरवर एक मुलगी होती, माझ्या कितीतरी विद्यार्थिनींसारखी, कामात चटपटीत आणि मनानं चांगली. तिनं पासपोर्ट उघडला, मधल्या पानावर बोट ठेवलं आणि मान वर केली.

"अंकल, सॉरी हं. तुमच्या एजला आता ते लोक नवीन व्हिसा देत नाहीयेत. रूल चेंज झालाय."

"मेडिकल करा ना," भावोजी म्हणाले. "फिट आहे मी. चार मजले चढतो."

"मेडिकलचं नाहीये अंकल. मी टाकला तरी सिस्टीमच घेणार नाही. खरंच सॉरी."

"नाही नाही, तू काय करणार बेटा," भावोजी म्हणाले. मग कोपऱ्यातल्या कूलरचं पाणी पेल्यात घेतलं आणि पहिला घोट तोंडात घोळवला. मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. "पाणी बरंय," ते त्या मुलीला म्हणाले. "फिल्टर बदलून घ्या मात्र." त्यांच्या खुर्चीवर पुढचा माणूस येऊन बसला होता.

खाली पुलाजवळ उसाच्या रसाची गाडी होती. आम्ही दोघं बाकड्यावर टेकलो. बराच वेळ ते हायवेवरच्या गाड्या बघत होते.

"त्या पोराला मी शिकवलं ना बाई," ते म्हणाले, "शेवटच्या दिवशी तो रडला. मी नाही रडलो. म्हटलं, आपण घरी चाललोय, रडायचं कशाला? तिकडे इतकी वर्षं काढली तरी परकाच होतो. ते मान्य होतं मला. तसं व्हिसावर लिहिलेलंच असतं, त्यात फसवणूक नाही. पण इथे आलो, तर इथेही ताटली वेगळी."

 आयुष्यभर वर्गात बोलत आलेली बाई मी, पण तोंडातून एवढंच आलं, "ताई वाईट नाही हो."

"वाईट? छे छे. तिची काय चूक? मी कधी घरी होतो, म्हणून तिला सवय असेल?" रसाचा पेला त्यांनी तसाच खाली ठेवला. "तिला तुम्ही सांगू नका हां, इथे काय झालं ते."

"मी नाही सांगणार. तुमचं तुम्ही सांगा."

"खल्ली-वल्ली," ते म्हणाले, पण या वेळी हात हवेत उडाला नाही.

भावाकडे जायचं मी रद्द केलं. त्यांना एकटं परत पाठवायला माझं मन होईना. दोघं घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि ताई सिंकपाशी तांदूळ धूत होती. तिनं मागे वळून बघितलं, पण काय झालं म्हणून विचारलं नाही. भावोजी स्टुलावर बसून बुटांच्या नाड्या सोडत राहिले. एक नाडी सोडायला माणसाला जेवढा वेळ लागावा, त्याहून किती तरी जास्त वेळ लागला. मग खाली बघतच म्हणाले, "आज भात उरला तर सकाळी मलापण ठेव. फोडणी देऊन."

तांदळाच्या पाण्यातला ताईचा हात थांबला. जन्मभर दवाखान्यात रिपोर्टच्या आधी माणसाचा चेहरा वाचत आलेली बाई ती. तिला आणखी काही सांगायची गरज नव्हती. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, पदरानं नाक पुसलं आणि ज्या आवाजाला अख्खी महापालिका घाबरायची, तो आवाज त्या घरात नवऱ्यावर पहिल्यांदा चढवला.

"मग ती बॅग अजून मध्ये कशाला ठेवलीये? रोज ठेचकाळते मी! माळ्यावर टाका ती आधी. आत्ताच्या आत्ता!"

भावोजी क्षणभर बघतच राहिले. मग उठले, अनवाणी स्टुलावर चढले. खालून ताईचं चालूच होतं. "सावकाश! पडाल! धूळ पाडू नका भातात! तो टॉवेल फटीला लावता, माळा कोण पुसणार?" इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, ते सहजी थोडंच थांबणार. भावोजी माळ्यात डोकं घालून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. खाली उतरले तेव्हा डोळे लाल होते. "धूळ गेली," म्हणाले. मी माझ्या घरी आले, दार लावलं आणि थोडा वेळ रडले.

आता भावोजी साखर किलोनं आणतात. पेपर लावलाय. शुक्रवारची झोप मात्र अजून सुटलेली नाही, आणि पाण्याचे निकालही चालू आहेत. इस्त्रीवाला जिन्याखाली आहे. मावशींचा मुलगा घरपोच सामान पोचवायच्या कामाला लागलाय. मधून मधून कोणीतरी जुना ओळखीचा जिन्यात भेटतो आणि रीतीप्रमाणे विचारतो, "मग, परत कधी?" भावोजी उत्तराची जुळवाजुळव करतात, तोवर वरून ताईचा आवाज येतो, "अहो, पाणी आलंय! गप्पा नंतर मारा!" आणि ते त्या माणसाकडे बघून, काय करणार, असे खांदे उडवतात. इतकी खूश मुद्रा मी त्यांच्या खजुराच्या दिवसांतही पाहिली नव्हती.

परवा सकाळी मी ताईकडे गेले. कढई गॅसवर होती, शेंगदाणे तडतडत होते. मी सहज म्हटलं, "तुझा अंदाज चुकायला लागला गं ताई. हल्ली रोज बराच भात उरतो तुझ्याकडे."

ताईनं आधी आतल्या खोलीकडे बघितलं. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "उरत कसला. रात्री एक मूठ जास्त लावते मी. मुद्दाम. त्यांना शिळा लागतो ना."

 इतकी वर्षं रोज एक माणूस वजा करून तांदूळ मोजणाऱ्या बाईचा हात तो, अंदाज चुकेलच कसा? आतून भावोजींची हाक आली, "उरलाय का गं काही?"

"उरलाय, उरलाय," ताई म्हणाली. "या लवकर. नाहीतर आम्ही संपवू."